बिनतारी खेळ, पत्र्याची केबिन

घरून,
मंगळवार दुपार

ती. साडूभाऊंना मनापासून नमस्कार.

तुम्ही उभयता खुशाल असाल असं धरूनच चालतो, कारण नसतात तर अक्कांचा फोन हिच्याकडे सकाळी सातच्या आत आला असता. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? (उजव्याचं मुद्दाम विचारत नाही. मागच्या खेपेला विचारलं तर तुम्ही पाऊण तास सांगत होतात.) अक्कांना रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्यायला सांगा, आणि त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र ओढून घेत जाऊ नका, म्हणजे गोळ्या कमी लागतील. आमच्याकडे दोघांच्याही प्रकृती ठीक आहेत.

फोन हाताशी असताना हा गृहस्थ कागद-पेन घेऊन का बसला, असं तुम्हाला वाटेल. त्याला कारण आहे. मी फोनवर जे लिहितो ते कुठे जाऊन उमटेल याचा मला आता भरवसा राहिलेला नाही. थट्टा करत नाही. कागदावर लिहिलेलं निदान कागदावरच राहतं, एवढी खात्री या वयात माणसाला असावी. सगळं सविस्तर सांगतो, तुम्ही चहा घेऊन बसा.

तर आमच्या थोरल्या लेकीने एक खोकं पाठवलं. वर 'जपून' असं लिहिलं होतं म्हणून मी जपून उघडलं. आत एक पांढरा डबा, आपल्या जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा बुटका, आणि त्याच्या एका अंगाला वाटीएवढी काच. मी खोक्यात उरलेला प्रोजेक्टर शोधत राहिलो. थर्मोकोल काढलं, खोकं उलटं करून झटकलं. शेवटी हिने सांगितलं की हाच तो. साडूभाऊ, तुम्ही थिएटरातली माझी दोन्ही मशीनं पाहिलेली आहेत. जागची हलवायला चार माणसं लागायची, आणि सुरू झाली की पायाखालची फरशी थरथरायची. एकतीस वर्षं मी त्यांना तेल घातलं, त्यांच्या काचा पुसल्या, त्यांच्या धगीत उभं राहून माझा डावा गाल उजव्यापेक्षा काळवंडला (अजून तसाच आहे, कधी उजेडात बघा). आणि हा डबा मी एका तळहातावर उचलला. रीळ नाही, चाकं नाहीत, दातेरी असं काही नाही. पुस्तिकेत लिहिलं होतं की चित्र फोनमधून येईल, मध्ये तार लागणार नाही. ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि पुस्तिका मिटली. पडद्यापर्यंत चित्र न्यायचं म्हणून मी जन्मभर रिळांचे वजनदार डबे जिन्यावरून वाहिले, आणि इथे चित्र आपलं आपण हवेतून चालत जाणार. मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगतो, छान वाटलं.

ही खोक्याची दोरी गुंडाळत होती. (दोरी ती कधी टाकत नाही. आमच्याकडे दोरीचा एक खणच आहे.) गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही शेजारी बसाल."

मी 'हो' म्हटलं. या 'हो'चं वजन तुम्हाला जेवढं कळेल तेवढं दुसऱ्या कोणाला कळणार नाही, कारण ती शेजारची खुर्ची एकतीस वर्षं तुमच्याकडे होती. नवा सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात माझ्या पासावर तुम्ही तिघं यायचात. बाल्कनीची पहिली रांग, एका टोकाला अक्का, मध्ये तुम्ही, पलीकडे ही. मी मागे केबिनमध्ये. झरोक्यातून मला तुमचं डोकं आणि तिचा अंबाडा एवढंच दिसायचं. (तुमचं टक्कल कसकसं पुढे सरकत गेलं याचा मी एकमेव साक्षीदार आहे. कधी बोललो नाही.) लागलेला प्रत्येक सिनेमा माझ्या बायकोबरोबर तुम्ही पाहिलात, आणि मी तिच्याबरोबर एकही धड पाहिला नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या थिएटरात गेलो होतो, तर तिथल्या ऑपरेटरला फोकस साधत नव्हता म्हणून मी दहाव्या मिनिटाला त्याच्या केबिनमध्ये. ही खाली एकटी. त्यानंतर तिने विषय काढला नाही, तो आता काढला. दिवस तिनेच ठरवला, पुढच्या रविवारी दुपारी तीन. सिनेमाही तिचाच, तो सत्तावीस आठवडे चाललेला, ज्याला तुम्ही तिघं कितीदा तरी आलात आणि ज्याचे माझ्या पाळीचे पावणेचारशे खेळ झाले होते. मला पूर्ण एक आठवडा मिळत होता.

आठवडा म्हणजे मला भरपूर वाटला. पहिलं काम केबिनचं. प्रोजेक्टर आला म्हणजे केबिन आलीच. मशीन उघड्यावर चालवायचं नाही हे माझ्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि उस्तादांना भुवया नव्हत्या, त्यामुळे ते कोणालाही पटायचं. (त्या काळी रीळ पेट घ्यायचं, म्हणून केबिनला आतून पत्रा.) थोरली फोनवर म्हणाली, "बाबा, त्यात पेटण्यासारखं काही नसतं." मी म्हटलं, उस्तादांनाही तसंच वाटलं होतं. मग गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या पेट्या करणारा आहे त्याच्याकडून मापं देऊन केबिन करून घेतली. जाड पत्रा, सगळ्या सांध्यांना डाख, घट्ट बसणारं दार, त्याला कडी, पुढे भिंगापुरतं भोक, मागे वायरीपुरतं भोक, वर हवा जायला बारीक जाळी. पेटीवाला म्हणाला, असं काम मी दागिन्यांच्या पेटीलाही केलेलं नाही. केबिन सोफ्याच्या मागे उंच टेबलावर ठेवली आणि केबिनच्या मागे माझं स्टूल मांडलं. ही समोर भाजी निवडत होती. तिने केबिन पाहिली, मग स्टूल पाहिलं, आणि परत भाजीकडे वळली. मला वाटलं तिला काम पसंत पडलं.

आता जोडणी. फोनवर एक बटण दाबायचं, मग आजूबाजूला कोण कोण आहे हे फोन शोधत बसतो. एक गोल चकती फिरत राहते. मी श्वास रोखून बघत होतो. चकती थांबली, आमच्या मशीनचं नाव आलं, मी त्यावर बोट ठेवलं, आणि समोरच्या भिंतीवर माझ्या फोनचं तोंड उमटलं, दारापेक्षा मोठं. बोट इकडे सरकवलं की तिकडे अख्खी भिंत सरकायची. मी फोन सोफ्यावर ठेवला आणि मशीन आणि फोन यांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. हवेत हात फिरवून पाहिला. काही लागत नव्हतं. म्हणजे एवढी मोठी गोष्ट त्या क्षणी माझ्या पोटातून जात होती आणि मला पत्ता नव्हता. मी हिलाही ओढून मध्ये उभं केलं आणि विचारलं, काही जाणवतंय का. ती म्हणाली, भूक जाणवतेय, दीड वाजलाय. पण तीही जाता जाता एकदा मागे वळून भिंतीकडे बघून गेली.

जेवण झाल्यावर मी केबिनचं दार लावलं, कडी घातली, स्टुलावर बसलो, आणि चित्र गेलं.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. दार उघडून बघावं तर मशीन ठणठणीत, फोन म्हणतो सापडलं. दार लावून स्टुलावर बसावं की अर्ध्या मिनिटात फोन म्हणतो उपकरण आढळत नाही. माझ्यासमोर नीट वागतं आणि माझी पाठ फिरली की टंगळमंगळ करतं, असं माझं ठाम मत झालं. मी थिएटरातल्या सवयीने वहीत नोंद ठेवत होतो, ती जशीच्या तशी देतो: 'बुधवार. दार उघडं, मशीन चालू. दार बंद, मशीन बंद. कारण: हवामान असावं.' (हसू नका. तुम्ही चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधलेला माणूस आहात.) मी वाटेतले स्टीलचे डबे हलवले. सोफा हलवला. वायफायचा डबा मऊ फडक्याने पुसून मशीनच्या दिशेने तोंड करून ठेवला, मग त्याचं तोंड नेमकं कोणतं अशी शंका आली म्हणून चारही दिशांना फिरवून पाहिला. थोरलीने विचारलं, दोन्ही एकाच वायफायवर आहेत ना? मी म्हटलं, दोन्ही एकाच खोलीत आहेत, आणखी किती जवळ आणू. रविवार जवळ येत होता आणि ही मला काहीच विचारत नव्हती. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दार बंद करून शोध घेतला तेव्हा यादीत आमचं मशीन नव्हतं, पण अक्षरं आणि आकडे मिसळलेलं एक लांबलचक नाव होतं. मला वाटलं मशीनने शेवटी आपलं खरं नाव सांगितलं. दाबलं. फोन म्हणाला, जोडले. भिंत मात्र कोरी. दिवा तापायला वेळ लागत असेल म्हणून मी वाट बघत बसलो, आणि बसल्या बसल्या थोरलीला कळवायला घेतलं की सगळा दोष वरच्या मजल्यावरच्या बेलीफांचा आहे. हे आमचे शेजारी. कोर्टाचा हुकूम दाखवून लोकांची कपाटं उघडण्यात त्यांची नोकरी गेली, आणि स्वतःच्या घरात त्यांनी तीन लोखंडी कपाटं ठेवली आहेत. त्या कपाटांमुळेच लाटा अडत असणार, असं मी लिहिलं. पुढे 'माणूस पहिल्यापासून आडमुठा' असं लिहिलं. ते जरा कडक वाटलं म्हणून खोडून 'हेकट' केलं. त्यात दम वाटेना म्हणून परत 'आडमुठा' केलं, आणि 'सकाळी गुळण्या करतो त्या रस्त्यापर्यंत ऐकू जातात' असं जोडून दिलं. दहा मिनिटांनी दारावर टकटक झाली. इस्त्रीच्या सदऱ्यात बेलीफ उभे. शांतपणे म्हणाले, "तुमचं लिखाण आमच्या टीव्हीवर येतंय. घरात सगळ्यांनी वाचलं. आडमुठाच राहू द्या, आमच्याकडे त्यावर एकमत झालं."

(त्यांच्या टीव्हीने आधी विचारलं होतं म्हणे, येऊ द्यायचं का. सुनेला वाटलं जाहिरात असेल, तिने हो म्हटलं.)

साडूभाऊ, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एक कबूल करतो. माफी मागायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "स्पष्ट दिसत होतं का?" ते म्हणाले, अगदी स्पष्ट, खोडाखोडीसकट. एवढा जाड स्लॅब, त्यावर फरशी, फरशीवर सतरंजी, त्या सगळ्यातून माझी एकेक वेलांटी वर गेली आणि कुठेही न सांडता त्यांच्या काचेवर जाऊन बसली. मी माफी मागत होतो आणि डोळे छताकडे लागलेले होते. बेलीफही वर बघायला लागले. दोन म्हातारे दारात उभे राहून छत न्याहाळतायत, असं काही वेळ चाललं.

मग ते आत आले आणि सवयीप्रमाणे त्यांची नजर पेटीवर गेली. विचारलं, हे काय जप्त करून ठेवलंय? मी सगळं सांगितलं. त्यांनी पत्र्यावर बोटाने टिचकी मारली, सांधे चाचपले, कडी उघडली, लावली, परत उघडली. म्हणाले की कोर्टात पत्रा ठोकलेली एक खोली होती, जप्तीचा माल ठेवायची. माल मोजायला आत गेलं की त्यांचा फोन मुका व्हायचा, आणि घरी बायको म्हणायची, मुद्दाम उचलत नाही. विटा, सिमेंट, माणसाचं पोट, सगळ्यातून हे जातं, फक्त अशा चहूबाजूंनी बंद पत्र्यात जात नाही. आणि मी प्रत्येक सांध्याला उभं राहून डाख देऊन घेतला होता. काम जितकं चोख, तितकी वाट पक्की बंद. तीन दिवस मी वहीत रोज खरं उत्तर लिहीत होतो आणि खाली हवामानाचं नाव टाकत होतो.

बेलीफ गेल्यावर ही म्हणाली, "मग पेटी काढा." मी म्हटलं, काढण्याची गरज नाही, एका बाजूचा पत्रा कापून तिथे लाकडी फळी घालू, केबिन राहील. ती म्हणाली, "मशीन झाकायचं राहू द्या. तुम्हालाच आत बसायचंय." एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली, आणि मी त्या स्टुलावर तसाच बसून राहिलो. तुम्हाला म्हणून सांगतो, तिचं खरं होतं. मला भीती वाटत होती. केबिनमध्ये माणसाला काम असतं, त्याच्यावाचून खेळ अडतो. बाहेर येऊन सोफ्यावर बसलं की मी नुसता एक माणूस. हातांचं काय करायचं ते मला माहीत नाही. आणि इतक्या वर्षांनी शेजारी बसल्यावर तिला कळलं असतं की सिनेमा दाखवण्यापलीकडे मला काहीच येत नाही, तर मग काय करायचं?

रविवारी तीनला पडदे ओढले, खिडक्यांना चादरी लावल्या. मशीन चहाच्या टेबलावर, उघडं. स्टूल हिने सकाळीच गॅलरीत नेऊन त्यावर कुंडी ठेवली होती, त्यामुळे तोही प्रश्न मिटला. मी सोफ्याच्या कडेला बसलो. ही आधीच येऊन बसलेली, अंबाडा नवा घातलेला. मी बोट लावलं, चकती फिरली, थांबली, आणि भिंतीवर उजेड आला.

आता हे मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. एकतीस वर्षं मी उजेड जाताना पाहिला. माझ्यापासून निघून पुढे, लोकांच्या डोक्यांवरून, लांब. येताना कधी पाहिला नव्हता. तो येतो आणि तोंडावर पडतो, साडूभाऊ. हिच्या तोंडावर पडला होता, तिच्या चष्म्यात दोन छोटे पडदे दिसत होते. आणि आवाज. केबिनमध्ये मशीनच्या खडखडाटात मला बोलणं अर्धंमुर्धंच ऐकू यायचं. त्या सिनेमात आजोबांच्या खोलीत एक घड्याळ टिकटिकतं आणि आजोबा गेल्यावर ते थांबतं, हे मला पावणेचारशे खेळ दाखवल्यानंतर परवा कळलं. मी हिला सांगायला वळलो, तर ती ओठ हलवून पात्रांच्या आधी त्यांची वाक्यं म्हणत होती. घड्याळाचं तिला कधीचं ठाऊक होतं.

विसाव्या मिनिटाला वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका आला. तुम्हाला तो कधी दिसला नसेल, तो आमच्यासाठी असतो. रीळ संपत आलं, दुसरं मशीन तयार ठेवा, असा त्याचा अर्थ. जुन्या प्रिंटवरचा तो ठिपकाही कोणीतरी जसाच्या तसा उतरवून घेतला होता. तो दिसला आणि मी उठलो. ठरवून नाही, पायच उठले. मशीनपुढे जाऊन उभा राहिलो आणि नायकाच्या तोंडावर माझी अख्खी सावली. हिने माझी बाही धरून खाली ओढलं. "बसा. तुम्ही नसलात तरी पुढचं रीळ लागतं." आणि खरंच लागलं. कोणाचा हात लागला नाही, एक फ्रेम चुकली नाही, कुठे काळी पट्टी आली नाही. मी ते उघड्या तोंडाने पाहिलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. पण पुढच्या ठिपक्याला मी अर्धाच उठलो, आणि त्याच्या पुढच्याला उठायचंच विसरलो, कारण गोष्ट रंगात आली होती. ही गोष्ट इतकी चांगली आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सिनेमा संपला. मग तिने पुढच्या रविवारचं विचारलं. मी म्हटलं, हाच परत. ती बरं म्हणाली.

बाकी इकडचं सगळं यथास्थित. थोरांना नमस्कार, लहान तुमच्याआमच्यात आता कोणी उरलेलं नाही, तरी कोणी सापडलंच तर आशीर्वाद.

तुमचा,
साडू
(निवृत्त ऑपरेटर, सध्या प्रेक्षक)

ता. क. बेलीफ केबिन मागून घेऊन गेले. दुपारी झोपताना त्यात फोन ठेवतात आणि कडी घालतात. सुनेचा फोनही त्यात ठेवावा असा त्यांचा विचार आहे, पण हुकूम कोण काढणार यावर अडलंय.

ता. क. दुसरा. वरचं सगळं लिहिलं ते खरंच आहे, पण पत्र लिहायला बसलो ते एका गोष्टीसाठी. मध्यंतरानंतर बोटीचा प्रसंग आहे, बोट किनारा सोडते तो. तिथे हिने पडद्यावरची नजर न काढता मांडीवरचा हात पालथ्याचा उताणा केला आणि माझ्या बाजूला थोडा पुढे धरला. उघडा. तिला काहीतरी हवं होतं. मी घाबरून पाण्याचा पेला दिला, तर तिने न बघता बाजूला ठेवला आणि हात परत तसाच. बोट दिसेनाशी झाली तसा तिने तो मागे घेतला. नंतर विचारलं तर म्हणाली, काही नाही, सवय. म्हणजे ही तुमच्या वेळची सवय. साडूभाऊ, त्या जागी तुम्ही तिच्या हातावर काय ठेवत होतात? शेंगदाणे असतील तर शेंगदाणे सांगा, रुमाल असेल तर कोणता ते सांगा. मला राग नाही. फक्त रविवारच्या आत कळवा, आणि पत्रानेच कळवा. फोनवर आलं तर वरच्यांना माझ्याआधी कळेल.

(खालचं वेगळ्या अक्षरात:)

भाऊजी, नमस्कार. पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. तुम्ही आठवायचा त्रास घेऊ नका, तुम्हाला आठवण्यासारखं काही नाही. सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत तुम्ही झोपलेले असायचात, मध्यंतराला अक्का उठवायची आणि चहा झाला की परत झोपायचात. हे मी यांना कधी सांगितलं नाही. इकडे हे घाम गाळून खेळ दाखवतायत आणि तिकडे भाऊजी घोरतायत, हे त्यांना सोसलं नसतं. त्या हातावर कधी कोणी काही ठेवलं नाही. बोट निघाली की तो आपला पुढे व्हायचा, एवढंच. तुम्ही उत्तरात लिहा की 'तुमचा हात ठेवा'. जास्त काही लिहू नका आणि मी सांगितलं असं तर मुळीच कळवू नका. शनिवारच्या टपालाने पोचेल असं बघा.